अर्जातली तिसरी ओळ

आमच्या अर्जातली तिसरी ओळ मला अजून पाठ आहे. ‘मालकांच्या अडचणीच्या काळात आम्ही सर्व कामगारांनी स्वखुशीने, पगाराचा आग्रह न धरता, चार महिने काम केले, कारण त्यांनी आम्हांस नेहमी घरच्या माणसांप्रमाणे वागवले आहे.’ ओळ मी लिहिलेली. बाकीच्या दहा जणांनी खाली सह्या केल्या, पण शब्द माझे होते, आणि लिहून झाल्यावर मला त्यांचा अभिमानही वाटला होता.

अर्ज कसा लिहायचा हे मला वडिलांनी शिकवलं. ते स्वतः चौथी शिकलेले. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात त्यांनी तीस वर्षं शिपायाची नोकरी केली. लोकांचे अर्ज आत न्यायचे, सही झाली की बाहेर आणायचे. कुठला अर्ज सही घेऊन येणार आणि कुठला टेबलावर पडून राहणार, हे ते कागद हातात घेताच ओळखत. “साहेबाची नजर पहिल्या चार ओळींवर फिरते,” ते म्हणायचे. “तिथं मान ठेवायचा. मागणं खाली. पाहुणा आल्या आल्या भाकरी मागत नाही, आधी घरच्यांची ख्यालीखुशाली विचारतो.” फी माफीचा अर्ज मी असाच लिहिला, वसतिगृहाचा असाच, शिष्यवृत्तीचाही. सगळे मंजूर झाले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीत माझ्या अभ्यासाइतकाच त्या गोड अर्जांचा वाटा आहे, असं मी मानत आलो.

बी.कॉम. होऊन मी भोसरीत आलो आणि एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेसशॉपमध्ये कारकून म्हणून लागलो. पत्रा दाबून पार्ट काढणारे पाच पॉवर प्रेस, एक वेल्डिंगचं टेबल, पत्र्याची भाड्याची शेड. चाकणच्या मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या एका कंपनीला आम्ही पत्र्याचे छोटे पार्ट द्यायचो. हजेरी लावणं, चलन करणं आणि टेम्पो भरला की गेटपास फाडणं, एवढं माझं काम. शेठ स्वतः पूर्वी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामगार होते. माझी गुणपत्रिका बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “घरात शिकलेला तू पहिलाच?” मी हो म्हणालो. “मग तुझ्यासाठी जागा आहे.” खोलीचं डिपॉझिट माझ्याकडे नव्हतं. ते त्यांनी भरलं आणि पुढे कधी त्याचं नावही काढलं नाही. हे लिहिणं गरजेचं आहे, कारण त्याच्याशिवाय तिसरी ओळ कुठून आली ते कळणार नाही.

शेडमधले सगळ्यात जुने कामगार म्हणजे मामा. आमच्या शेजारच्या तालुक्यातले. बावीस वर्षं प्रेसवर काढलेली, त्यामुळे कान जवळजवळ गेलेले. तसे प्रेस चालू असले की कुणालाच काही ऐकू यायचं नाही. सगळं बोलणं हातांनी. आडवा तळवा हवेत मारला की ‘थांब, प्रेस बंद कर’. तळहात वर करून बोटं दोनदा आत वळवली की ‘माल आला का?’ दोन्ही तळवे एकमेकांवर पुसून रिकामे दाखवले की ‘माल संपला’. मामा प्रेस बंद असतानाही तसंच बोलायचे. गावाकडे त्यांनी घराला लागून पत्र्याची एक खोली बांधून ठेवली होती. तिथे पिठाची गिरणी टाकायची, प्रेसची नोकरी सोडायची आणि मामींबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं. गिरणीच्या दुकानदाराला त्यांनी विसारही देऊन ठेवला होता.

“गिरणीचा आवाज सोसेल का मामा?” वेल्डर विचारायचा. तो कोकणातला, तोंडाने तिखट.

“मला काय त्याचं?” मामा म्हणायचे. “कान तर हितंच ठिवून जानार हाय.”

मग आमचा माल घेणाऱ्या कंपनीने काही पार्ट नाकारले आणि पैसे अडकवले. पहिला पगार लांबला तेव्हा शेठनी सगळे प्रेस बंद करायला लावून आम्हांला टेबलाभोवती उभं केलं. “मी पळून जाणारा माणूस नाही,” ते म्हणाले. “दिवाळीपर्यंत सांभाळून घ्या. तुम्ही माझी घरचीच माणसं.” त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा होता असं मी आजही म्हणू शकत नाही. 

मामा पुढे झाले. “आमी हाव की शेठ. मशीन तेवढं बंद पडू देऊ नगा.”

“मामांना ऐकू किती आलं ते विचारा आधी,” वेल्डर म्हणाला. सगळे हसले, शेठसुद्धा. त्या हसण्यावर चार महिने गेले. दसऱ्याला आम्ही बिनपगारी असूनही वर्गणी काढली आणि पाचही प्रेसना झेंडूचे हार घातले.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो तेव्हा गेटला कुलूप होतं. पत्र्याच्या फटीतून आत बघितलं. प्रेस नव्हते. जमिनीवर बोल्टांची भोकं, तेलाचे काळे चौकोन आणि एका चौकोनावर वाळलेला हार. शेठचा फोन बंद होता. मामा फटीला डोळा लावून बराच वेळ वाकले होते. सरळ झाल्यावर त्यांनी आमच्याकडे बघून दोन्ही तळवे पुसले.

त्या संध्याकाळी मामांच्या भोसरीतल्या खोलीत आम्ही अकरा जण बसलो. कामगार खात्याकडे तक्रार द्यायची हे ठरलं. लिहायची कुणी, हा प्रश्नच नव्हता. “पोरगं ग्रॅज्युएट हाय आपलं,” मामा म्हणाले. “त्यो लिव्हंल.” मी तीन वेळा कच्चं लिहिलं, चौथ्यांदा पक्कं. आधी साहेबांना आदर, मग शेठचे उपकार, मग आमचा समजूतदारपणा, आणि शेवटी चार महिन्यांचा पगार मिळावा ही नम्र विनंती. मोठ्याने वाचून दाखवलं, मामांसाठी अजून मोठ्याने.

वेल्डर म्हणाला, “भावा, हे आभारपत्र आहे की तक्रार?”

“अरे, अर्ज असाच असतो,” मी म्हणालो. “साहेबाला वाटलं पाहिजे की माणसं सरळ आहेत, भांडखोर नाहीत.”

“मग ठीक. सरळ तर आपण आहोतच. म्हणून तर इथे बसलोय.” त्याने सही केली.

मामांनी सही करताना माझ्या पाठीवर हात ठेवला. “लई गोड लिव्हलंस, लेकरा.” खोलीतल्या प्रत्येकाला माझ्यामुळे आधार वाटत होता, आणि शिक्षणाचं सार्थक होतं ते हेच असावं, असं मला त्या वेळी वाटलं.

कामगार खात्यातल्या अधिकाऱ्यांनी शेठना बोलावलं. पहिल्या तारखेला ते आले, पैसे देणार म्हणाले, मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला त्यांचे वकील आले. तिसऱ्या तारखेला आमचा अर्ज हातात धरून त्या वकिलांनी सांगितलं, की कामगार स्वखुशीने थांबले होते आणि तसं त्यांनीच लिहून दिलंय, तेव्हा पगार थकला असं म्हणता येत नाही. समेट फिसकटला. आता कोर्टात जावं लागेल, असं अधिकारी म्हणाले.

चिंचवडच्या एका कामगार संघटनेने आम्हांला वकील मॅडम मिळवून दिल्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“हे कुणी लिहिलं?”

“मी, मॅडम.”

“शिक्षण?”

“बी.कॉम.”

“अक्षर छान आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही समोरच्याचा बचाव लिहून दिलाय.”

मी वडिलांचं सांगितलं, साहेबाचा मान आधी, मागणं खाली. त्यांनी ऐकून घेतलं. “मान अधिकाऱ्याचा ठेवायचा होता ना? मग शेठचा कशाला ठेवलात?”

अर्ज मागे घेऊन दुसरा देता येईल का, एवढंच मी विचारलं.

“दाखल झालेला कागद आहे. शिक्का आहे, अकरा सह्या आहेत.” मग माझा चेहरा बघून त्या जरा मऊ झाल्या. “केलेल्या कामाचा पगार असा सोडून देता येत नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे. पण त्यांना वाद घालायला जागा मिळाली. आणि वाद म्हणजे तारखा.”

त्या म्हणाल्या तसंच झालं. भोसरीहून शेअर रिक्षाने कासारवाडी, तिथून लोकलने शिवाजीनगर, पुढे कोर्ट. कधी समोरचे वकील आजारी, कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी एखादा कागद दाखल करायला मुदत. मला तोवर चाकणला एका गोदामात नोकरी लागली होती. तारखेला गेलं की तिथली हजेरी कापली जायची. एक पगार मिळवण्यासाठी दुसरा थोडाथोडा सोडायचा, असं ते चाललं. मामा एका शेडच्या दारावर वॉचमन झाले होते. ऐकू येत नाही हे तिथे कळू नये म्हणून ते येणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांकडे बघत बसायचे. गिरणीवाल्या दुकानदाराचे निरोप यायचे, की विसार देऊन वर्ष झालं, मशीन न्या नाहीतर मी दुसऱ्याला देतो. मामा दर तारखेला मॅडमना विचारायचे, “पुढच्या टायमाला हुईल ना?” मॅडम त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणायच्या, “प्रयत्न करू.”

दुसऱ्या वर्षी शेठच्या मेव्हण्याने एकेकाला फोन करायला सुरुवात केली. एका महिन्याचा पगार रोख घ्या, सगळं मिळालं म्हणून सही करा. अकराचे आठ झाले, आठाचे पाच. वेल्डर मला भेटून गेला. न भेटता गेला असता तर बरं झालं असतं.

“तुझी ओळ मी वाचून सही केली होती रे,” तो म्हणाला. “नुसतं तुझ्यावर ढकलत नाही. पण बायकोचं बाळंतपण जवळ आलंय. तारखांवर घर चालत नाही, भावा.”

मी त्याला, “जा, काही वाटून घेऊ नको,” असं म्हणालो. तो गेल्यावर आम्ही चार राहिलो.

माझी साक्ष निघाली त्या दिवशी शेठ कोर्टात आले होते. मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. ते समोरून आले आणि मी उठून उभा राहिलो. बाकावर त्यांना जागा केली. हे मी ठरवून केलं नाही, माझे पायच तसे वळले. ते बसले, म्हणाले, “आईवडील बरे आहेत का?”

“बरे आहेत, शेठ.”

“वजन उतरलं तुझं,” ते म्हणाले. त्यांचंही उतरलं होतं. मॅडम लांबून बघत होत्या. त्यांनी मला हाताने आत बोलावलं.

समोरचे वकील वयस्कर आणि फार सभ्य होते. त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला आणि तिसरी ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचली. मामांच्या खोलीत वाचली होती तशीच, स्पष्ट.

“हे तुमच्या हातचं अक्षर?”

“हो.”

“कुणी जबरदस्तीने लिहून घेतलं?”

“नाही.”

“मालक तुम्हांला घरच्यासारखं वागवायचे, हे खरं आहे?”

नाही म्हणता आलं असतं. मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं, की असा प्रश्न आला तर ‘पगार वेळेवर मिळेपर्यंत’ असं जोडून सांगा. पण त्या क्षणी मला खोलीचं डिपॉझिट आठवलं. शेठ मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

“खरं आहे,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही स्वखुशीने थांबलात?”

“साहेब, आम्ही थांबलो होतो, पगार सोडला नव्हता...”

“विचारलं तेवढंच सांगा. स्वखुशीने?”

माझी नजर मागे गेली. मामांना यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण माझा चेहरा त्यांना दिसत होता. प्रेसमध्ये पार्ट अडकला की ऑपरेटरचा चेहरा जसा होतो तसा तो झाला असणार, कारण त्यांनी बसल्या जागी हात उचलला आणि तळवा आडवा मारला. थांब. बंद कर.

“हो,” मी म्हणालो. मामांची खूण कळेतोवर ते तोंडातून निघून गेलं होतं.

निकाल त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी लागला, आणि तो आमच्या बाजूने लागला. माझ्या त्या ‘हो’नंतरही साहेबांनी लिहिलं, की कामगाराने काम केलं असेल तर त्याचा पगार त्याला मिळालाच पाहिजे, सद्भावनेने थांबला म्हणून तो बुडत नाही. मॅडमनी ते वाक्य आम्हांला दोनदा वाचून दाखवलं. मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मामांना दिलं. मामांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. कोर्टाबाहेर आम्ही चौघांनी चहा घेतला. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “बघ, मान ठेवून लिहिलं होतंस म्हणून.” मी त्यांना तिसऱ्या ओळीचं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. गावात ते अजून सांगतात, की पोराने अर्ज लिहून केस जिंकली.

त्या चहानंतर मॅडम म्हणाल्या, “आता वसुली.” मला वाटलं होतं, निकाल म्हणजेच पैसे. पण निकालाचा कागद आधी कलेक्टर कचेरीत जातो, तिथून तहसीलला येतो, आणि तहसीलचा माणूस जागेवर जाऊन जप्त करण्यासारखं काय आहे ते बघतो. तो माणूस आला तेव्हा मी आणि मामा त्याच्याबरोबर भोसरीला गेलो. शेडमध्ये आता पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कुणी होता. त्याने आम्हांला पाणी दिलं आणि आपला भाडेकरार दाखवला. शेड पहिल्यापासून भाड्याची होती. प्रेस बँकेकडे गहाण होते, ते केव्हाच लिलावात गेले होते. शेठचं राहतं घर मुलाच्या नावावर होतं. तहसीलच्या माणसाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही केली. तो चांगला माणूस होता. जाताना मामांना म्हणाला, “आजोबा, नवीन मालमत्ता कळली की अर्ज करा.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणाला? मी दोन्ही तळवे पुसले.

गिरणी त्याआधीच दुसऱ्याला गेली होती. विसार परत मिळावा म्हणून दुकानदाराला एक पत्र लिहायला मामांनी मला सांगितलं. मी पेन घेऊन बसलो आणि बराच वेळ पहिला शब्द उमटेना.

“काय झालं?” मामा म्हणाले.

“कसं लिहू ते कळेना. गोड लिहू की कडक?”

मामांनी माझे ओठ वाचले. “गोडच लिव्ह,” म्हणाले. “कडक लिवायला आपल्या हातात काय हाय?”

मी गोड लिहिलं. दुकानदाराचं उत्तर आलं नाही. त्या पावसाळ्याच्या आधी मामा गावी गेले. पत्र्याच्या त्या खोलीत आता मामी सरपण ठेवतात.

मी दर तीन महिन्यांनी तहसीलला स्मरणपत्र पाठवतो. मॅडमनी मसुदा करून दिलाय. चार ओळींचा, त्यात ना आदर ना आभार. मी तो जसाच्या तसा उतरवतो. लिहिताना दर वेळी वाटतं, की हे वाचून कुणाला वाईट तर वाटणार नाही ना, वर एक ओळ घालावी का. घालत नाही. उत्तर येतं ते एकच, ‘कार्यवाही सुरू आहे.’ माझी ती ओळ नसती तर निकाल लवकर लागला असता का, प्रेस जागेवर असताना लागला असता का, हे मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही.” तेवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

मामांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा नातू व्हिडिओ कॉल लावून देतो आणि खेळायला जातो. मग पडद्यावर मामा एकटेच असतात. मागे ती पत्र्याची खोली, दाराशी रचलेली लाकडं. आम्ही बोलत नाही. मामा तळहात वर करतात आणि बोटं दोनदा आत वळवतात. माल आला का?

मी मोबाईल टेबलावरच्या डब्याला टेकवून ठेवतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे होतात. आणि मग तळवे पुसतो. मामा मान हलवतात. कधी कधी ते पुन्हा विचारतात, जरा जवळ येऊन. पडद्यावर नीट दिसलं नसेल असं त्यांना वाटत असावं. मी पुन्हा पुसतो, सावकाश.